चौपाटी कुणाची? गिरगावच्या वाळूची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना मधेमधे अडखळलो होतो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्या गावात चौपाटी आहे का?

बहुतेक जण 'हो' म्हणतील, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या लोकांच्या गावाला समुद्रच नसेल! पुण्यात सारसबागेजवळ चौपाटी आहे. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब, पण चौपाटी आहे. संध्याकाळी भेळ, पावभाजी, कुल्फीच्या गाड्या एका रांगेत लागल्या आणि बसायला थोडी मोकळी जागा असली, की मराठीत त्या जागेला आपण चौपाटी म्हणून मोकळे होतो.

मुळात हा शब्द पाण्याचा आहे. मुंबईच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याची फोड दिलीय ती अशी: चौ म्हणजे चार आणि पाट म्हणजे पाण्याचा प्रवाह. जिथे चार पाट होते ती चौपाटी. पालघरकडच्या सातपाटी गावाचं नावही त्याच पद्धतीचं, तिथे सात. म्हणजे एका विशिष्ट किनाऱ्याचं नाव होतं, आणि पुढे त्याचा अर्थ झाला 'जिथे कुणीही येऊन बसावं अशी जागा'. शब्दाचा अर्थ असा उगाच बदलत नाही. त्या किनाऱ्यावर असं काहीतरी घडलं की लोकांच्या डोक्यात चौपाटी म्हणजे 'आपली जागा' हे पक्कं बसलं.

तो किनारा म्हणजे गिरगाव चौपाटी, आणि आजचा भाग तिच्याबद्दल आहे. एकच प्रश्न घेऊन आपण दीडशे-पावणेदोनशे वर्षं चालणार आहोत: ही वाळू कुणाची?

मला हा प्रश्न पडला तो आजोबांमुळे. आमचे आजोबा गिरगावातल्या एका चाळीत वाढले. खोली एक आणि माणसं नऊ. रात्री झोपायला गॅलरी आणि संध्याकाळी बसायला चौपाटी. ते म्हणायचे, "आमच्या घराला दिवाणखाना होता, फक्त तो दहा मिनिटं चालत गेल्यावर यायचा." लहानपणी मला हा विनोद वाटायचा. आता वाटतं की ते अगदी नेमकं बोलत होते.

आधी गुरं, मग माणसं

चर्नी रोड स्टेशन तुम्हाला माहीत आहे. चौपाटीला जायचं तर तिथेच उतरायचं. या नावाची एक गोष्ट मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शहरातली गुरं किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानात चरायची. १८३८ मध्ये इंग्रज सरकारने या चरण्यावर शुल्क बसवलं. ज्यांना ते परवडेना त्यांची गुरं जप्त व्हायला लागली. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ किनाऱ्यालगतची जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि सांगितलं, इथे कुणाचीही गुरं फुकट चरू द्या. चरणीची जागा, म्हणून चरणी रोड. नावाची दुसरी व्युत्पत्तीही सांगतात, ठाण्याजवळच्या चेंदणीवरून आलेल्या लोकांची वगैरे. पण लोकांनी लक्षात ठेवली ती गुरांचीच गोष्ट.

का लक्षात ठेवली असेल? कारण त्यात आपल्या आजच्या विषयाचं बीज आहे. एक जागा असते जी सगळे वापरतात. एक दिवस कुणीतरी येऊन म्हणतं, आता पैसे भरा. मग प्रश्न पडतो, ही जागा नक्की होती कुणाची?

त्याच पट्ट्यात सोनापूरचं स्मशान होतं, आज मरीन लाइन्सला आहे तेच. शहर वाढलं तसं सरकारच्या मनात आलं की हे स्मशान इथून हलवून शिवडीकडे न्यावं. नाना शंकरशेट त्याच्या विरोधात उभे राहिले आणि ते स्मशान जागेवर राहिलं. गिरगावातल्या गरीब माणसाने प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालायचं का, असा तो रोकडा प्रश्न होता.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा किनारा कसा होता, तर एका टोकाला चिता, मध्ये गुरं, कोळ्यांच्या होड्या आणि मागे गिरगावची माडांची वाडी. फिरायला जाण्याची जागा म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. लोकांच्या रोजच्या कामाची जागा होती.

कापसाचा पैसा समुद्रात

आता १८६१ मध्ये या. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांचं लक्ष मुंबईच्या कापसाकडे गेलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला. इतका पैसा आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग काढल्या कंपन्या, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या स्वप्नाचं नाव होतं बॅक बे रेक्लमेशन कंपनी. बॅक बे म्हणजे मलबार हिल ते कुलाबा या दोन टोकांमधला अर्धगोल समुद्र. तो भरायचा, जमीन तयार करायची आणि विकायची. प्रेमचंद रायचंद यांचं नाव या सगळ्या व्यवहाराशी जोडलेलं आहे. हो, राजाबाई टॉवरसाठी पैसे देणारे तेच.

या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. जमीन अजून पाण्याखाली होती, पण कागदावर तिचे भाव गगनाला भिडले होते. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट लाँच व्हायच्या आधीच सगळे श्रीमंत झाले. मग १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि जुलै महिन्यात मुंबईचा बाजार झोपला. बँका बुडाल्या, माणसं देशोधडीला लागली, बॅक बे कंपनीही गेली.

जो थोडा पट्टा भरून झाला होता, त्यावरून पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेचे रूळ गेले. १८७० मध्ये गाडी ग्रँट रोडच्या पुढे किनाऱ्याने चर्चगेटपर्यंत धावू लागली. आज तुम्ही पश्चिम रेल्वेच्या लोकलमधून चर्चगेटला जाता तो मार्ग हाच. पण याचा एक परिणाम झाला. गिरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये रेल्वे आली. ज्यांच्या दारात समुद्र होता त्यांना आता रूळ ओलांडून जावं लागायला लागलं.

रुळांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, पुढच्या काही दशकांत जिमखाने उभे राहिले: पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. प्रत्येक समाजाचा वेगळा, आणि आत जायचं तर सभासद असायला हवं. १८८९ मध्ये चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची इमारत उभी राहिली. तिथे जायचं तर प्रवेश हवा, फी हवी.

म्हणजे किनाऱ्यावर एकेक दार तयार होत होतं. दार नसलेली एकच जागा उरली, ती म्हणजे वाळूचा तो तुकडा. आणि मग १९२० साली त्या तुकड्यावर जे घडलं, त्याने त्याचं नशीब बदललं.

१ ऑगस्ट १९२०

३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. सकाळ व्हायच्या आत बातमी शहरभर पसरली. दिवस रविवारचा होता आणि पाऊस होता. पुण्याच्या लोकांची इच्छा होती की अंत्यसंस्कार पुण्याला व्हावेत. मुंबईचे लोक म्हणाले, मुंबईतच.

मग प्रश्न आला, कुठे? सोनापूरचं स्मशान जवळ होतं, पण लाखाच्या घरात गेलेली गर्दी तिथे मावणार कशी? म्हणून सरकारची खास परवानगी काढून दहन चौपाटीच्या वाळूवर करायचं ठरलं. टिळकांना पद्मासनात बसवून अंत्ययात्रा निघाली. महात्मा गांधींनी खांदा दिला, शौकत अलींनी दिला. आणि योगायोग बघा, असहकाराची चळवळ सुरू करायला गांधीजींनी दिवस ठरवला होता तोच, १ ऑगस्ट.

क्षणभर यावर विचार करा. ज्या माणसाला सरकारने राजद्रोहासाठी सहा वर्षं मंडालेला ठेवलं, त्याची चिता सरकारच्या परवानगीने शहराच्या सगळ्यात उघड्या जागेवर पेटली. सरकारला बहुधा वाटलं असेल, एका दिवसाची सवलत आहे. पण लोकांच्या मनात ती जागा त्या दिवसापासून नोंदली गेली. तिथे टिळकांचा पुतळा उभा राहिला आणि आज त्या जागेला स्वराज्यभूमी म्हणतात. त्यानंतर मुंबईत कुणालाही मोठी सभा घ्यायची झाली की पहिलं नाव यायचं चौपाटीचं. भाडं नाही, भिंती नाहीत, आणि भरती-ओहोटी सोडली तर वेळेची मर्यादा नाही.

एका फसलेल्या योजनेचा कट्टा

त्याच सुमाराला सरकारने बॅक बे भरायचं स्वप्न पुन्हा काढलं. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. योजना ११४५ एकर समुद्र भरण्याची. प्रत्यक्षात गाळ काढणारं यंत्र पुरं पडेना, टाकलेला भराव वाहून जाई, खर्च मात्र फुगत गेला. लोकांनी त्याला नाव दिलं 'लॉइड्स फॉली', म्हणजे लॉइडसाहेबांचा मूर्खपणा.

खुर्शेद नरिमन नावाचा एक तरुण पारशी वकील या गैरकारभाराच्या मागे लागला. त्याने इतके थेट आरोप केले की एका इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. आज ज्या नरिमन पॉइंटला लोक नोकरीला जातात, तो याच माणसाच्या नावाने. समुद्र भरण्यातला घोटाळा काढणाऱ्याचं नाव पुढे समुद्र भरूनच केलेल्या जमिनीला दिलं गेलं. मुंबई अशी आहे!

शेवटी ११४५ पैकी सुमारे ४४० एकरच जमीन झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त कुलाब्याच्या बाजूला लष्कराकडे गेली. पण चौपाटीच्या बाजूचा जो तुकडा पूर्ण झाला, त्याच्या काठाने १९४० पर्यंत एक रस्ता आणि एक लांबलचक कठडा तयार झाला. तोच मरीन ड्राइव्ह. समोरच्या आर्ट डेको इमारती त्याच काळातल्या, आणि २०१८ पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्या इमारतींत फ्लॅट घेणं तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण समोरच्या कठड्यावर बसायला अजूनही पैसे पडत नाहीत. तिथे बसून कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणी निकाल लागल्यावर रडलं. तुमच्यापैकी किती जण तिथे बसून हा भाग ऐकताय, मला माहीत नाही, पण असतील नक्की.

पाणी सगळ्यांचं, मीठ सरकारचं

परत वाळूवर येऊ. एप्रिल १९३०. दांडीला ६ तारखेला गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला आणि लगेच मुंबईत तेच सुरू झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्याबरोबरच्या बायका चौपाटीवर आल्या. गिरगावात हिंद महिला समाजाचं काम करणाऱ्या अवंतिकाबाई गोखलेही या चळवळीत आघाडीवर होत्या. गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या त्या याच.

बायका घरातले हंडे, कळश्या घेऊन आल्या. समुद्राचं पाणी भरलं आणि ते आटवून मीठ केलं. ऐकायला किती साधं वाटतं! पण त्या कायद्याचा चमत्कारिकपणा बघा. समुद्राचं पाणी कुणीही घ्यावं, त्यात पाय बुडवावेत, आंघोळ करावी. पण तेच पाणी चुलीवर ठेवलंत की गुन्हा. हा वेडेपणा लोकांना भाषणातून समजावून सांगायची गरजच पडली नाही. चौपाटी दारात होती, चूल घरात होती. ज्या बायका त्याआधी कधी सभेला गेल्या नव्हत्या, त्यांना राजकारण कळलं ते कळशीतून.

आणि इथे चौपाटी असण्याचं महत्त्व दिसतं. हेच आंदोलन एखाद्या बंद हॉलमध्ये झालं असतं तर आत जाणारे कोण असते? पत्रिका असलेले, पुरुष, बहुतेक शिकलेले. वाळूवर यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

रविवार, २० नोव्हेंबर १९५५

आता आजोबांची गोष्ट.

स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली होती. भाषेप्रमाणे राज्यं करायचं ठरत होतं. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मराठी माणसाला कळलं की मुंबईसह महाराष्ट्र मिळत नाहीये. पुढे काँग्रेसने मांडलेल्या योजनेत तर मुंबई वेगळी काढण्याचीच गोष्ट होती. गिरण्यांमध्ये, चाळींमध्ये वातावरण पेटलं होतं. २१ नोव्हेंबरला संपाची हाक होती.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, काँग्रेसने चौपाटीवर सभा ठेवली. बोलायला होते मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील. पाटील स्वतः मराठी, कोकणातले. दोघांच्या बोलण्याचा सूर एकच होता: मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हजारो वर्षं गेली तरी नाही, काँग्रेस आहे तोवर नाही.

आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. सभेला जायचं असं काही ठरवून गेले नव्हते, रोजच्यासारखे वारा खायला गेले होते. ते सांगायचे की सुरुवातीला लोक नुसते बसून ऐकत होते. मग कुठूनतरी एक आरडाओरडा झाला, मग दुसरीकडून. मग लोक उठून उभे राहिले. दगड उडाले, चपला उडाल्या, पोलीस पुढे आले, आणि सभा उधळली गेली. मुख्यमंत्र्यांना भाषण आटोपून निघावं लागलं.

आजोबा घरी आले तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी गर्दीत हरवली की स्टेजच्या दिशेने गेली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजी विचारायची, तेव्हा फक्त हसायचे. पण एक गोष्ट ते न हसता सांगायचे. "सभा दुसरीकडे असती तर आम्ही तिथे नसतोच. ते आमच्या अंगणात येऊन आम्हाला सांगत होते की हे घर तुमचं नाही."

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप झाला. मोर्चे विधानसभेच्या दिशेने निघाले. फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी गोळीबार केला, त्या दिवशी पंधरा माणसं गेली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये आणखी गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आपण हुतात्मा चौक म्हणतो ते म्हणूनच.

मी दगडफेकीचं कौतुक करत नाहीये. सभा उधळणं हे काही लोकशाहीचं आदर्श उदाहरण नाही, आणि आजोबाही तसं म्हणायचे नाहीत. पण मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका संध्याकाळी राज्याचा मुख्यमंत्री आणि चाळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच वाळूवर होते, मध्ये शंभर-दोनशे पावलांचं अंतर होतं, आणि मुख्यमंत्र्याला त्या मुलाचं उत्तर ऐकू गेलं. आज असं कुठे होतं, सांगा बरं?

आणि आता?

आज चौपाटीवर राजकीय सभा होत नाहीत. वाळूची नासधूस, गर्दी, कचरा या तक्रारी न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या कार्यक्रमांवर मर्यादा घातल्या. गणेश विसर्जन, रामलीला असे मोजके अपवाद राहिले. मुंबईत मोर्चा काढायचा, उपोषणाला बसायचं तर आता आझाद मैदान.

माझं याबद्दल मत सरळ नाही. एकीकडे वाळू वाचली हे खरं आहे. दुसरीकडे २०१६ च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवा. 'मेक इन इंडिया'च्या कार्यक्रमासाठी सरकारला चौपाटी हवी होती. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने दिली. भव्य स्टेज उभं राहिलं आणि भर कार्यक्रमात त्याला आग लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. म्हणजे लोकांच्या सभेला वाळू बंद झाली, पण सरकारला हवी असली तर दिल्लीपर्यंत जाऊन ती उघडून घेता येते. हे मला खटकतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. भरतीच्या रेषेखालची समुद्राची जमीन राज्य सरकारची. झालं, उत्तर मिळालं? थांबा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात एक तत्त्व सांगितलं: समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल या गोष्टी सरकारच्या मालकीच्या नाहीत, सरकार त्यांचं फक्त विश्वस्त आहे. मालक आपण सगळे. आपल्या गावाकडे गायरान असतं ना, तसंच. सरपंच बदलतात, गायरान गावाचं राहतं. निदान राहायला हवं.

विश्वस्त कधी कधी विसरतो, मग आठवण करून द्यावी लागते. २०२४ मध्ये कोस्टल रोड सुरू झाला. त्याचे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे मलबार हिल आणि गिरगाव चौपाटीच्या खालून जातात. म्हणजे आता वाळूखालून गाड्या धावतात. त्याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, वरळीत, कोळी लोकांचं म्हणणं होतं की पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलंत तर आमच्या होड्या सुरक्षित जाऊ शकणार नाहीत. वर्षानुवर्षं ते अडून बसले. शेवटी अंतर १२० मीटर झालं. चरणीच्या गुरांपासून सुरू झालेला प्रश्न तोच आहे, फक्त आता तो मीटरमध्ये विचारावा लागतो.

आणि समुद्र? तो कुणाचंच ऐकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लालबागचा राजा रविवारी सकाळी चौपाटीवर पोचला. नवा आधुनिक तराफा तयार होता, पण भरती लागली आणि मूर्ती तराफ्यावर चढेना. इतकी गर्दी, इतके कॅमेरे, आणि सगळे थांबले ओहोटीसाठी. विसर्जन झालं ते रात्री.

चौपाटीला लागूनच्या रस्त्यावर तुकाराम ओंबळे यांचं स्मारक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. साताऱ्याकडच्या केडंब्याहून मुंबईत आलेला साधा पोलीस. मी तिथून जातो तेव्हा थांबतो. मग पलीकडे वाळूवर बघतो. कुणी पोराला खांद्यावर घेऊन पाणी दाखवत असतं, कुणी तेलाच्या बाटल्या वाजवत मालीशवाल्याची हाक देत असतं, कॉलेजची मुलं एका भेळेत चौघं खात असतात. कुणाकडेही तिकीट नसतं.

आजोबा २०११ मध्ये गेले. शेवटची दोन-तीन वर्षं त्यांना चालवत नव्हतं, मग मी टॅक्सीने न्यायचो. वाळूत खुर्ची रुतायची, म्हणून आम्ही कडेच्या बाकावर बसायचो. एकदा मी विचारलं, इथे बसून काय वाटतं? मला वाटलं टिळकांबद्दल, १९५५ बद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "इथून कुणी उठ म्हणत नाही."

मला वाटतं सगळ्या इतिहासाचा अर्थ तेवढाच आहे. जमशेटजींनी पैसे मोजले, नाना शंकरशेट भांडले, बायकांनी कळश्या आणल्या, चाळीतल्या पोरांनी चपला घालवल्या, आणि त्यामुळे आज तुम्ही तिथे जाऊन बसलात तर कुणी उठ म्हणत नाही. पण ही सोय कायमची कुणी लिहून दिलेली नाही. लोक जात राहिले म्हणून ती टिकली.

तर या आठवड्यासाठी एक काम. तुमच्या गावात, शहरात अशी कुठली जागा आहे जिथे एक रुपया न देता, कुणाला न विचारता, तासभर बसता येतं? नदीचा घाट असेल, पार असेल, किल्ल्याचा बुरूज असेल. तिथे जा, बसा, आणि मला एक व्हॉइस नोट पाठवा. जागा कुठली, आणि तिथे कोण कोण येतं, एवढं सांगा. निवडक नोट्स पुढच्या भागात वाजवू.

आणि मुंबईत असाल तर चर्नी रोडला उतरा. पूल ओलांडा. आता हेडफोन काढा.

भेटू पुढच्या भागात.